राखणदारांचा मुलूख

गुवाहाटीहून निघालेली गाडी नोंगपोहच्या पुढे चढू लागली की अंगावरचा घाम सुकतो. ब्रह्मपुत्रेकाठचा चिकट उकाडा खाली राहतो, सुपारीच्या बागा विरळ होत जातात आणि खासी पाइनची उंच झाडं सुरू होतात. रस्त्याच्या कडेला फळकुटं टाकून बायका बसलेल्या असतात. पुढ्यात अननस, बांबूच्या कोवळ्या कोंबांचं लोणचं, हळद, मिरच्या. मी गाडी थांबवून अननस घेतला. बाईनं तो सोलून, फोडी करून, मीठ-तिखट भुरभुरून पुढे केला आणि पैसे घेताना म्हणाली, “खुब्लेइ.” आभार मानताना, भेटताना, निरोप घेताना इथली माणसं हेच म्हणतात. या मुलखात हिंडायचं असेल तर पहिल्या थांब्यावरच एवढं शिकून घ्यावं. त्यानंतर समोरचा चेहरा जो उजळतो, तो पुढच्या सगळ्या प्रवासात कामाला येतो.

वाटेत उमियमचा जलाशय लागतो. १९६०च्या दशकात धरण बांधून तो तयार झाला. सगळ्या गाड्या तिथे थांबतात, सगळे फोटो काढतात. आम्हीही थांबलो, पण माझं लक्ष वरच्या ढगांकडे होतं. सप्टेंबर सरत आला होता. कोकणात या दिवसांत भात पोटरीतून बाहेर आलेलं असतं आणि पाऊस परतीच्या गडगडाटावर असतो. इथे तो अजून मुक्कामाला होता.

शिलाँगला ‘पूर्वेचं स्कॉटलंड’ म्हणायची रीत इंग्रजांनी पाडली आणि पर्यटनाच्या फलकांनी ती पुढे चालवली. पाहुण्यानं ती गावाबाहेरच ठेवावी. साडेचार-पाच हजार फुटांवरचं हे शहर खासी लोकांचं आहे, आणि ते तसंच पाहिलं तर दिसतं. १८७४पासून हे आसामच्या राजधानीचं ठिकाण होतं. २१ जानेवारी १९७२ला मेघालय पूर्ण राज्य झालं आणि शिलाँग त्याची राजधानी. मधल्या काळातली सगळ्यात मोठी तारीख म्हणजे १२ जून १८९७. त्या दिवशीच्या भूकंपात दगडी बांधणीचं शहर जमीनदोस्त झालं. नंतर लोकांनी घरं बांधली ती हलकी: लाकडी सांगाडा, बोरूच्या कुडाच्या भिंती, त्यावर गिलावा आणि वर पत्रा. आपल्याकडच्या कुडाच्या घरांची ही जरा नीटनेटकी भावंडं. आता उतारांवर काँक्रीटचे मजले चढत चालले आहेत. तरी लाइतुमख्राहच्या किंवा रिलबाँगच्या आतल्या गल्ल्यांतून चाललं तर पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या, खिडकीत फुलांच्या कुंड्या आणि दारात पायपुसणं अशी जुनी घरं अजून दिसतात. रिलबाँगमध्येच रवींद्रनाथ १९१९ साली राहिले होते, तो बंगला आहे. ‘शेषेर कविता’ या कादंबरीची कथा त्यांनी याच डोंगरांत घडवली.

शहरात एकच जागा पाहायला वेळ असेल तर इयूदुह पाहावं. बाहेरचे लोक त्याला बडा बाजार म्हणतात. पोलीस बाजारच्या गजबजाटातून पंधरा-वीस मिनिटं चाललं की उतारावर पसरलेला हा बाजार लागतो, आणि आत शिरलं की दिशा राहत नाही. गल्ल्या जेमतेम दोन माणसांच्या रुंदीच्या, दगडी पायऱ्यांच्या, वरून ताडपत्र्या ओढलेल्या. पाठीवर शंकूच्या आकाराची बांबूची टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर घेतलेले हमाल वाकून धावत येतात. त्यांच्या आवाजासरशी भिंतीला चिकटायचं. आपल्याकडे ओझं डोक्यावर असतं, कमरेवर असतं. इथे ते कपाळावर तोललेलं असतं, आणि दोन्ही हात मोकळे. डोंगर चढणाऱ्यांची ही युक्ती पुढे नोंग्रियाटच्या पायऱ्यांवर मला नीट उमगली.

आणि बाजार बायकांचा. सुकी मासळी विकायला बाई, विळे-कोयते विकायला बाई, रानातली अळंबी, कोवळी पानं, रेशमी किडे, काळे तीळ, डोंगरी मध, जैंतिया डोंगरातली लाकडोंगची केशरी हळद, सगळीकडे बायका. अंगावर चौकड्यांचं वस्त्र खांद्यावर गाठ मारून सोडलेलं, तोंडात क्वाय, मांडीवर हिशेबाची वही. त्यांना ‘काँग’ म्हणायचं, म्हणजे ताई. पुरुषांना ‘बाह’, दादा. नुसतं “ओ” करून हाक मारू नये. भाव करावा, पण थोडा. उगाच निम्म्यावर मागितलं तर काँग रागावत नाही, फक्त दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. पारंपरिक खासी आठवडा आठ दिवसांचा. प्रत्येक दिवस एकेका बाजाराच्या नावाचा, आणि बाजार गावोगाव फिरत राहणारा. आमच्या तालुक्यातही वार म्हणजे बाजार, शुक्रवार म्हणजे कुठला आणि रविवार म्हणजे कुठला, हे आजीला पाठ असायचं. पण दिवसालाच बाजाराचं नाव देणारी माणसं मी इथे पहिल्यांदा पाहिली.

क्वायबद्दल जरा थांबून सांगितलं पाहिजे. ओली, मुरवलेली सुपारी, अर्धं पान आणि चुना. कात नाही, गुलकंद नाही, बडीशेप नाही. आपल्याकडे विडा जेवण झाल्याची खूण. इथे तो पाहुणा आल्याची खूण. घरात शिरलात की आधी क्वाय. नवख्याला ती चढते. कानशिलं तापतात, कपाळावर घाम येतो, घसा आवळल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरून अंगात ऊब राहते. म्हणून पहिल्यांदा अगदी छोटा तुकडा घ्यावा, बसून घ्यावा. नाकारायची असेल तर हात जोडून हसून नाकारावी, कुणी आग्रह धरत नाही. पूर्वी गावांमधलं अंतर किती क्वाय चघळून होतील यावर सांगत. माणूस गेला की तो देवाच्या घरी क्वाय खातो आहे, असं म्हणतात. तिचं मूळ सांगणारी लोककथाही आहे: गरीब मित्राच्या घरी श्रीमंत मित्र येतो, घरात द्यायला काही नसतं, त्या लाजेनं नवरा-बायको जीव देतात, आणि दुःखानं मित्रही मरतो. त्यांच्यापासून पान आणि सुपारी झाली, आणि तेव्हापासून गरिबातल्या गरिबालाही पाहुण्यापुढे ठेवायला काहीतरी मिळालं. आतिथ्याच्या ओझ्याचा इतका करुण विचार मी दुसऱ्या कुठल्या कथेत ऐकला नाही.

बाजारातच एका काँगच्या टपरीवर जेवले. दोन बाकं, शेगडी, मोठाली पातेली. जादोह म्हणजे डुकराच्या मांसात शिजवलेला तांबूस भात. जुन्या पद्धतीत त्यात रक्तही घालतात, तेव्हा चालत नसेल तर आधी विचारावं. काँग हळदीचा पिवळा भात वेगळा काढून देते आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. सोबत काळ्या तिळात शिजवलेलं दोहनेइयोंग, आंबवलेल्या सोयाबीनचं उग्र वासाचं तुंगरिम्बाय, आणि तुंगताप. हे तुंगताप चाखलं आणि मी थेट आमच्या चुलीपाशी पोचले. सुकी मासळी निखाऱ्यावर भाजून, मिरची-कांद्याबरोबर ठेचलेली. आमच्याकडे पावसाळ्यात पेजेबरोबर सुकटाची चटणी असते, तीच ही. सकाळच्या चहाला तांदळाच्या पिठाचं पुथारो, ते आपलं घावन म्हणून सहज खपेल, आणि तांदूळ-गुळाचं तळलेलं पुखलेइन. शाकाहारी माणसाची शिलाँगमध्ये उपासमार होत नाही, शहरात सगळं मिळतं. मात्र शेजारच्या पानात काय आहे ते पाहून नाक मुरडणाऱ्यानं या टपऱ्यांवर बसू नये. ते त्यांचं रोजचं अन्न आहे.

काँगनं मोडक्या हिंदीत विचारलं, “तुम्ही बहिणी किती?”

“दोघी. आणि दोन भाऊ.”

“धाकटी कोण?”

“मी.”

“म्हणजे घर तुझं,” ती सहज म्हणाली आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

खासी मुलाला कूळ आईचं लागतं. वडिलोपार्जित घर, पूर्वजांचे विधी आणि म्हाताऱ्या आईबापांची काळजी धाकट्या मुलीकडे येते. तिला ‘का खद्दुह’ म्हणतात. लग्न झालं की नवरा तिच्या घरी राहायला येतो. मी तिला सांगितलं की आमच्याकडे कायद्यानं बहिणींचा वाटा भावाएवढाच आहे, पण जमिनीची वाटणी होताना बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची असते, आणि ती केली नाही तर माहेर तुटतं. तिला हे हिंदीतून समजावताना मला तीन वेळा सांगावं लागलं. भाषा तिला कळत होती, गोष्ट कळत नव्हती. “मग आईला म्हातारपणी कोण बघतं?” एवढंच तिनं विचारलं.

पण इथल्या बायकांचं राज्य आहे असं समजून परतणारे पाहुणे अर्धंच पाहून जातात. धाकटी मुलगी घराची मालकीण कमी आणि राखणदार जास्त असते. मोठ्या निर्णयांत मामाचा शब्द चालतो. गावसभा, म्हणजे दोरबार श्नोंग, परंपरेनं पुरुषांची. वारसा बदलावा म्हणणाऱ्या पुरुषांच्या संघटनाही आहेत. तरीही त्या टपरीवर, त्या बाजारात, रात्री उशिरा लाइतुमख्राहच्या रस्त्यावर एकटीनं चालताना, बाई म्हणून माझे खांदे जे सैल झाले ते मी कधी विसरणार नाही.

शहरातल्या आणखी दोन गोष्टी. एक रविवार. बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, तेव्हा रविवारी बाजार बंद, रस्ते मोकळे. पाहुणे कुरकुरतात. त्यापेक्षा एखाद्या चर्चबाहेर उभं राहावं. साध्या गावठाणातल्या चर्चमध्येही लोक चार सुरांत गातात, आणि तेव्हा कळतं की शिलाँग चेंबर क्वायरसारखा वृंद इथून का निघाला, किंवा लू माजॉ या गायकानं १९७२पासून दर २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन का साजरा केला. जुना खासी धर्म पाळणारेही आहेत. त्यांची सेंग खासी ही संस्था १८९९ची. दुसरी गोष्ट तीर. दुपारी पोलो मैदानाजवळ धनुर्धारी अर्धवर्तुळात बसतात, गवताच्या गुंडाळीवर शेकडो बाण सोडतात, लागलेले बाण मोजतात आणि संख्येच्या शेवटच्या दोन आकड्यांवर शहराची पैज असते. लोक रात्रीच्या स्वप्नांचे आकडे लावतात. पैसे लावायला मी कुणाला सांगणार नाही. पण बाण सुटतानाचा तो सळसळाट जरूर ऐकावा.

शिलाँगहून मॉफ्लांग पंचवीसेक किलोमीटर. माळ, बटाट्याची शेतं, तुरळक घरं, आणि मग गवताच्या मोकळ्या पठारावर एकाएकी रान उभं राहतं. त्याची कड इतकी सरळ आहे की कुणी दोरी धरून आखली असं वाटावं. अलीकडे कुसळाएवढंही झुडूप नाही, पलीकडे दिवसा अंधार. हीच लिंगदोह कुळाची देवराई, सुमारे ७८ हेक्टरची. गावातला मुलगा वाटाड्या म्हणून घ्यावा लागतो. घ्यावाच, कारण त्याच्याशिवाय हे रान नुसती झाडी आहे.

आत शिरण्यापूर्वी त्यानं नियम सांगितला. इथून काही न्यायचं नाही. फूल नाही, फांदी नाही, खाली पडलेलं पानसुद्धा नाही. रानाचा देव लबासा इथे राहतो. तो प्रसन्न असला की बिबट्याच्या रूपात दिसतो, कोपला की सापाच्या. मी विचारलं, “तू मानतोस?” तो कॉलेजात शिकत होता, रविवारी चर्चलाही जात होता. “मी पान नेत नाही,” तो म्हणाला.

बुंध्यांवर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यात आमरी, त्यावर नेचे. पायाखाली इतकी पानं साचली आहेत की पाऊल वाजत नाही. उभे दगड पुरुषांचे, आडवे बायकांचे. मध्येच विधीच्या दगडी जागा, जिथे पूर्वी बळीचा बैल आणत. वाटाड्या एका जागी थांबला आणि म्हणाला, इथून पुढे अपशकुन झाला तर लोक परत फिरायचे. मला आमच्या गावची राई आठवली. तिथेही राखणदार आहे, तिथेही नाग आहे, तिथेही वाळलेली काटकी चुलीला लावायची नाही असा दंडक होता. गारंबीचे वेल होते, आत बारमाही झरा होता, शिमग्याला पालखी जायची तेव्हा गावकार गाऱ्हाणं घालायचा. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांची नोंद करायला सुरुवात केली, तेव्हाच त्या झपाट्यानं कमी होत होत्या. आमच्या देवाला आता काँक्रीटचा सभामंडप आहे. त्याच्या खर्चासाठी जुनी झाडं विकली गेली, आणि झरा मार्चमध्ये आटतो. भक्ती वाढली, राखण गेली. मॉफ्लांगमध्ये देवाला छप्परच नाही. त्यामुळे जीर्णोद्धार कशाचा करायचा हा प्रश्न तिथे येत नाही, आणि रान उभं आहे.

सगळी खासी टेकडी अशी राखलेली मात्र नाही. सोहराच्या वाटेवर दऱ्या अंगावर येतात, ढग रस्त्यावर उतरतात, आणि तेवढ्यात एखाद्या वळणावर दगडखाण लागते. सोहरा, म्हणजे चेरापुंजी, प्रत्यक्षात उघडंबोडकं पठार आहे. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एका जागी घनदाट जंगल असेल असं समजून येणारा चकित होतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत इथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला, तो विक्रम अजून मोडलेला नाही. आंबोलीत ७,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यालाच आपण आभाळ फाटलं म्हणतो. दक्षिणेला सिल्हेटचं सपाट मैदान, त्यावरून येणारे ओले वारे, आणि त्यांच्यापुढे हजार-बाराशे मीटरची एकसलग भिंत. ढगांना वर चढण्यावाचून वाट नाही. पण खाली चुनखडी आहे, माती धुऊन गेली आहे, झाडं तुटली आहेत. पाणी क्षणभरही थांबत नाही. हिवाळ्यात इथल्या बायका पाण्याच्या भांड्यांची रांग लावतात. रत्नागिरीच्या कातळसड्यांवर चार महिने धो धो आणि मार्चपासून टँकर, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. म्हणून सोहराच्या रांगेपुढे मी परकी नव्हते.

पावसात शेतावर निघालेली एक बाई भेटली. पाठीवर क्नुप होतं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं, कासवाच्या पाठीसारखं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत झाकणारं. वाकून काम करताना हात मोकळे. आमच्याकडचं इरलं ते हेच. घराच्या माळ्यावर आजोबांचं एक होतं, वाळवीनं खाल्लं. प्लास्टिकची घोंगती आली आणि इरली विणणारे हात गेले. सोहरात ती अजून रोजच्या वापरात आहेत. पाहुण्यांसाठी लहान आकाराची विकायलाही ठेवतात, पण वापरातलं एकदा नीट हातात घेऊन पाहावं. वजन पाहिलं की कारागिरी कळते.

नोहकलिकायचा धबधबा ३४० मीटर एका झेपेत कोसळतो. ढग आले तर तासभर काही दिसत नाही, आणि लोक चिडून निघून जातात. मी बसून राहिले. त्याच्यामागची का लिकायची कथा इतकी भीषण आहे की सहलीच्या गोंगाटात ती ऐकू नये. विधवा लिकाय दुसरं लग्न करते, नवरा तिच्या मुलीचा मत्सर करतो, तिला मारून शिजवतो. कामावरून दमून आलेली आई जेवते, आणि मग क्वायच्या टोपलीत तिला मुलीची बोटं सापडतात. ती धावत सुटते आणि या कड्यावरून उडी घेते. ढग फाटले तेव्हा समोर ती पांढरी धार होती. कड्याशी उभे असलेले सगळेच काही क्षण गप्प झाले.

सोहराजवळच मॉमलुहची गुहा आहे. तिच्यातल्या एका लवणस्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाची खूण सापडली. तिच्या आधारे २०१८ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातल्या आताच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं. पावसाच्या राजधानीतल्या दगडानं दुष्काळाची नोंद ठेवली आहे. त्याच परिसरात चुनखडीच्या खाणी आहेत, हे पाहून जीव कासावीस होतो.

जिवंत मुळांचा पूल पाहायला त्यर्ना गावापासून नोंग्रियाटला उतरताना तीन हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर हा हट्ट धरू नये. रिवाईजवळचा मुळांचा पूल बराच सोपा आहे. उतरायचंच असेल तर हलकी पिशवी, पकड असलेले बूट आणि वरच्या गावात मिळणारी बांबूची काठी घ्यावी, आणि खाली मुक्काम करावा. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्यांना फक्त पायऱ्या लक्षात राहतात. उतारावर सुपारी, फणस, मिरीचे वेल, तमालपत्राची झाडं. हवा पुन्हा कोकणी होते. सुपारीच्या बागेतून चालताना मी कुठल्याही क्षणी आगरातल्या शेणाचा वास येईल म्हणून वाट पाहत होते.

आणि मग ओढ्यावर तो दुमजली पूल दिसतो. रबराच्या झाडाची, म्हणजे वड-उंबराच्या भाऊबंदाची हवेतली मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून किंवा बांबूच्या आधारानं पलीकडच्या काठाकडे नेतात. ती तिथल्या मातीत रुजतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात, मध्ये दगड बसवतात. पायाखाली येण्याजोगा व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. आमच्याकडे ओढ्यावर साकव घालतात. दरवर्षी पावसाआधी वाडीतली माणसं जमून नव्यानं बांधतात, पूर आला की तो वाहून जातो. इथल्या पुरापुढे लाकूड टिकलं नसतं. म्हणून यांनी वाढत जाणारा पूल निवडला, जो प्रत्येक पावसानं आणखी घट्ट होतो. २०२२ साली हे पूल युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेले. गावाला त्याचं अप्रूप आहे, पण पुलावरून माणसं रोज सुपारीच्या पाट्या घेऊन जातात, त्यांना वाट द्यावी लागते. एका वेळी किती जणांनी चढायचं ते गाव ठरवतं, प्रवेशाचे पैसे गाव घेतं, पायऱ्या गाव दुरुस्त करतं. काही तरुण पुलावर मोठ्यानं गाणी लावून बसले होते. एक म्हातारा पलीकडून आला, त्यांच्याजवळ थांबला आणि ओढ्याकडे बोट करून कानाला हात लावला. त्यांनी गाणी बंद केली. या सगळ्या डोंगरांत जमीन कुळांची आणि गावांची आहे, सरकारी फारच थोडी. आपण बागेत फिरायला आलेलो नाही, कुणाच्या तरी अंगणात आलो आहोत, हे एकदा ध्यानात आलं की कसं वागायचं ते कुणाला सांगावं लागत नाही.

ज्या घरी उतरले तिथल्या बाईंचा नवरा कोंगथोंगचा होता, लग्नानंतर इकडे आलेला. त्या गावात मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर रचते. नावाबरोबर तो सूर त्या मुलाचा. रानात, दरीपलीकडे हाक त्या सुरानं मारतात. तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत, माणसाबरोबर तोही जातो. रात्री डाळ-भात, बटाटा आणि तुंगताप झाल्यावर, पत्र्यावर पावसाचा मारा चालू असताना, मी त्याला त्याचा सूर विचारला. तो लाजला. आई थकली आहे, म्हणाला, आता गावी गेल्यावरच ऐकतो. मग त्यानं तो हलकेच म्हणून दाखवला. त्याच्या मुलीनं, चार-पाच वर्षांची असेल, लगेच तो उचलला तर त्यानं हसून तिच्या तोंडावर हात ठेवला.

पूर्वेकडे डावकीला जाताना वाटेत मॉलिननोंग लागतं. २००३ साली एका मासिकानं त्याला आशियातलं सगळ्यात स्वच्छ गाव म्हटलं, आणि तेव्हापासून तिथे माणसांचा पूर आहे. बांबूच्या शंकूच्या कचराटोपल्या, फुलझाडांनी मढवलेल्या वाटा, सगळं खरंच देखणं आहे. पण माझ्या मते आसपासच्या कुठल्याही गावात थांबावं. वाटा तितक्याच झाडलेल्या असतात, टोपल्या त्याच, आणि लोकांना तुमच्याशी बोलायला उसंत असते. संत गाडगेबाबांच्या मुलखातून आलेल्या माणसाला गावानं स्वतः हातात झाडू घेणं नवं नाही. पाहुणे गेल्यावर, पुरस्कार मिळून गेल्यावरही रोज सकाळी तो घेतला जातो, हे मात्र इथे पाहावं.

डावकीला उमनगोत नदी डोंगरातून बाहेर पडते आणि बांगलादेशच्या मैदानात शिरते. पलीकडे जाफलाँगच्या वाळूवर माणसांची जत्रा होती. मधे कुंपण नाही, पाणी आहे, आणि दोन्हीकडे शिट्टी घेतलेले जवान. नावाड्यानं सांगितलं, त्याची मावशी पलीकडे असते. सिल्हेटच्या टेकड्यांत पानमळे करणारी खासी गावं आहेत, ती याच लोकांची. २०२१ साली या नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाला काठच्या गावांनी कडाडून विरोध केला, तेव्हा तोही त्यात होता.

फोटोतली उमनगोत काचेची असते, होड्या हवेत तरंगत असल्यासारख्या दिसतात. माझ्यासमोरची हिरवट होती, तळ दिसत नव्हता. नावेत बसण्यापूर्वीच त्यानं हे सांगितलं होतं. “पावसाचं पाणी आहे. तळ बघायचा तर डिसेंबरात या.”

“डिसेंबरात धबधबे असतात?”

“नाही. तेव्हा ते सुकतात. दोन्ही एकदम कुणालाच मिळत नाही.”

मला निवडायला सांगितलं तर मी पाऊसच निवडेन. या डोंगरांचा सगळा संसार, पूल, क्नुप, पत्र्याची घरं, आंबवलेलं-सुकवलेलं जेवण, पावसानं घडवलेला आहे. कोरड्या दिवसांत तो दिसेल, कळणार नाही. नावाड्याला हे पटलं नाही. डिसेंबरातली नदी पाहिल्याशिवाय असं बोलू नये, असं तो म्हणाला, आणि काठावर नाव लावताना बजावलं की याल तेव्हा रविवार सोडून या, रविवारी तो चर्चमध्ये असतो.